आयेशाची फायनल आणि माझ्या सोनेरी चांदण्या

फायनलचा पहिला डाव सुरू झाला आणि लाइव्हखाली कॉमेंट आली, "हा गेम आहे का वाळत घातलेली गोधडी?"

मी वाचली आणि मनात म्हटलं, असेल कुणी रिकामटेकडा. माझ्या लॅपटॉपवर चित्र आरशासारखं लख्ख होतं. गवताचं पातं न् पातं दिसत होतं. मग तशाच आणखी पाच-सहा कॉमेंट आल्या. तेवढ्यात अमोल सर हॉलच्या त्या टोकाकडून जवळजवळ पळतच आले. सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि ही स्पर्धा त्यांनीच भरवलेली. त्यांनी आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काकू, हे बघा. प्राचार्य घरून बघायलेत. विचारतेत, पोरं खेळायलेत का रंग द्यायलेत."

मोबाइलवर खरंच गोधडी होती. हिरवे, करडे, तपकिरी चौकोन. त्यातून एखादा माणूस पळाला की नुसता डाग सरकल्यासारखा वाटायचा. बंदूक कुठली आणि झाड कुठलं, देवाला माहीत.

आता मी तिथं काय करत होते ते सांगते, कारण साठी उलटलेली बाई गेमिंगच्या स्पर्धेत म्हटल्यावर लोकांना वाटतं मी नातवाला न्यायला आले. आमचा औरंगपुऱ्यात फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. गल्लीत, जिना चढून वर. आमचे हे फोटो काढायचे आणि मी अल्बम चिकटवायची. पुढं व्हिडिओ आला, मग कॉम्प्युटर आला, तेव्हा ह्यांनी हात जोडले आणि मी माऊस धरला. शिकवायला कुणी नव्हतं. त्यामुळं चुकासुद्धा मला माझ्या मीच करायला लागल्या, कुणाच्या आयत्या मिळाल्या नाहीत. लोक लग्नं लाइव्ह दाखवायला लागले तसं मी तेही शिकले. गेमचं काम पहिल्यांदाच घेतलं होतं. सरांना मी म्हटलं होतं, लग्न काय आणि गेम काय, शेवटी कॅमेरा आणि इंटरनेटच. हे वाक्य मी किती थाटात म्हटलं होतं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

काम असं असतं. खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरचं चित्र वायरीनं माझ्या लॅपटॉपवर येतं. त्यांच्या तोंडावर लावलेले कॅमेरेही येतात. मी त्यातलं कुठलं दाखवायचं ते ठरवते, वर नावं आणि गुण टाकते, आणि सगळं इंटरनेटवरून लोकांच्या मोबाइलवर पाठवते.

त्या दिवशी एका माणसाच्या मोबाइलवर ते नीट पोचणं फार गरजेचं होतं. आयेशा म्हणून एक पोरगी आहे. कॉलेजच्या संघाची कॅप्टन, बाकी चार पोरं. तिचे वडील सलीमभाई, पिशोरला त्यांचं कापडाचं दुकान. फायनलला आलेले दोन्ही संघ पुण्याला जाणार होते, मोठ्या स्पर्धेला. म्हणजे हार-जीत काहीही झाली तरी संघ जाणार हे ठरलेलं. पोरीचं जाणं मात्र ठरलेलं नव्हतं. वडिलांनी सांगितलं होतं, तू काय खेळतीस, कुणात बसतीस, मला डोळ्यानं बघू दे, मग पुण्याचं बोलू. त्यांच्या गावचा बाजार होता, दुकान सोडून येता येत नव्हतं. ते मोबाइलवर बघणार होते. सकाळी आयेशा माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आज अब्बा बघणारेत. जरा नीट दिसू द्या."

मी म्हटलं, बेटा, निवांत खेळ, काकू आहे इथं.

तर काकू होती तिथं आणि वर गोधडी चालली होती.

मी आधी काय केलं, तर बिटरेट वाढवला. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला आपण चित्राचा किती माल पाठवतो ते. माझा साधा हिशोब होता, वरणात पाणी झालं तर डाळ घालायची. मी आकडा भरमसाट वाढवला. हॉलमधल्या इंटरनेटला तेवढा माल नेता येईना. गोधडी गेली आणि चित्र जागीच थांबलं. मध्येच गोल फिरायला लागलं. आता लोक लिहायला लागले की गोधडी बरी होती.

आकडा मागं घेतला. मग मी वायर बदलली. मग वायरीचं टोक बदललं. मग माइक घेतला आणि हॉलमधल्या सगळ्यांना दम दिला, कॉलेजचं वाय-फाय वापरत असाल तर आत्ताच्या आत्ता बंद करा, तुमच्या रील्सपायी आमचं चित्र फाटतंय. बिचाऱ्या दीडएकशे पोरांनी मुकाट मोबाइल खिशात घातले. माझं कनेक्शन वाय-फायचं नव्हतंच, वेगळ्या लाइनचं होतं. हे मला ठाऊक होतं. पण माणूस अडला की कुणावर तरी ओरडावं लागतं.

मग इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला की क्रांती चौकात अडकलोय, ट्रॅफिक लई आहे. माझ्या अनुभवात हा माणूस कायम क्रांती चौकातच असतो.

एवढ्यात डाव संपला. हॉलमध्ये गलका झाला. आयेशाचा संघ जिंकला होता. ती एकटी उरली होती आणि समोरचे तिघं तिनं एकेक करून बाद केले, असं मला सरांनी नंतर सांगितलं. मी पाहिलं नाही, मी वायरीत डोकं घालून बसले होते. हॉलबाहेर तर कुणीच पाहिलं नाही. पोरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, दिसलं ना, अशा नजरेनं. मी मान हलवली. ती मान व्हय-नायच्या मधे कुठंतरी हलली.

मधली सुट्टी झाली. स्पर्धेच्या नियमानं खेळाडूंचे मोबाइल माझ्या टेबलावर जमा होते. त्यातला एक वाजायला लागला. 'अब्बा' असं नाव दिसलं. मी उचलला आणि कॅमेरावाल्या काकू बोलतेय म्हणून सांगितलं. उचलायला नको होता खरं तर, पण न उचलता बसवेना.

"सलाम ताई. आयेशाचा बाप बोलतोय, पिशोरहून. तिला देऊ नका, तिचा खेळ मोडंल. तुम्हालाच विचारतो."

मी म्हटलं, विचारा.

"पोरगी आता नुसती बसलीय. पाण्याची बाटली हातात. खेळ बंद आहे. तरी तोंड दिसंना तिचं, रंग सुटलेल्या छिटावानी झालंय. आणि ताई, ते वरून काय पडायलंय? छत गळायलंय का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, कुठं काय पडतंय. आणि म्हणता म्हणता लॅपटॉपकडं बघितलं.

चांदण्या. माझ्या सोनेरी चांदण्या.

आता हे सांगायला मला फार जड जातं, पण सांगते. आमच्या स्टुडिओची लग्नातली खासियत म्हणजे गुलाबाच्या पाकळ्या. लाइव्ह चित्रावर वरून पाकळ्या हळूहळू पडत राहतात. लोक बुकिंगलाच सांगतात, काकू, त्या पाकळ्या पाहिजेत बरं का. गेमला पाकळ्या शोभणार नाहीत एवढी अक्कल मला होती. म्हणून मी घरी बसून सोनेरी चांदण्या बनवल्या. आधी थोड्या बनवल्या, त्या मला विरळ वाटल्या, म्हणून दुप्पट केल्या. पहिल्या फ्रेमपासून त्या अख्ख्या स्क्रीनवर झरत होत्या. मला इतकी सवय त्यांची, की मला त्या दिसतच नव्हत्या. आपल्याच कपाळावरची टिकली कुणाला दिसते?

व्हिडिओ कसा जातो ते सांगते, म्हणजे माझा पराक्रम कळेल. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जेवढं हललं, तेवढंच नव्यानं पाठवतं. लग्नात नवरा-नवरी खुर्चीवर पुतळ्यासारखे बसलेले, मागं पडदा. काही हलत नाही. मोजक्या पाकळ्या हळूहळू पडल्या तरी भागतं. तरी थोडं धूसर व्हायचंच. लग्नात धूसर दिसलं की लोक म्हणतात, अगदी स्वप्नासारखं आलंय हो.

गेममध्ये सगळंच हलतं. गवत, धूर, पळणारी माणसं, वळणारा रस्ता. सॉफ्टवेअर आधीच घायकुतीला आलेलं. त्यावर मी कोपऱ्या-कोपऱ्यात झरणाऱ्या शेकडो चांदण्या टाकल्या. त्यानं बिचाऱ्यानं हात टेकले आणि चौकोन पाठवायला सुरुवात केली. माझ्या लॅपटॉपवर लख्ख दिसत होतं, कारण ते पाठवायच्या आधीचं चित्र. आणि सुट्टीत, काही हलत नसताना पोरीच्या तोंडाचं चित्र फाटत होतं, तेव्हा हलणारं एकच काही तिथं होतं, ते मी घातलेलं.

सलीमभाईंना म्हटलं, थांबा, फोन ठेवू नका. चांदण्या बंद केल्या. शिवाय चित्राचा आकार फुल एचडीवरून एक पायरी खाली आणला. आकार लहान झाला की तेवढाच माल कमी चौकोनांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो. मोबाइलवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. फुल एचडीचा हट्टही माझाच होता, सरांनी मागितलं नव्हतं.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "आता दिसली. वाळली की काय पोरगी."

पुढचे दोन डाव काचेसारखे गेले. गवत दिसलं, धूर दिसला. आयेशाचा आवाज ऐकू येत होता, थांब, आत्ता नाय, मी सांगते तवा निघ, आणि चारी पोरं थांबत होती, निघत होती. आणि दोन्ही डाव ते हरले. तीनपैकी जो जिंकले तो गोधडीत गेला आणि हरलेले दोन मी अख्ख्या जिल्ह्याला एकदम स्वच्छ दाखवले.

पोरगी टेबलाशी आली, मोबाइल घेतला, अब्बांना लावला आणि ऐकता ऐकता माझ्याच हातात दिला. म्हणाली, तुमच्याशी बोलायचंय त्यांना.

"हरले ना ताई?"

"हरले, सलीमभाई. पण पहिला डाव..."

"जिंकले म्हणतेत. मला काय दिसला नाय तो." मग म्हणाले, "एक सांगा. ती पोरं तिचं ऐकत होती, ते खरंच का खेळापुरतं?"

मी म्हटलं, ती कॅप्टन आहे, ऐकावंच लागतं.

"घरी तर चार शब्द बोलत नाय." मागं बाजाराचा गोंगाट येत होता. कुणीतरी त्यांना मीटरचा भाव विचारत होतं. "पुण्याला संगं कोण आहे?"

सर आहेत आणि एक मॅडम आहेत, असं मी सांगितलं.

"मग जाऊ द्या. मी बोलतो तिच्या अम्मीला. आणि ताई, राग मानू नका, पुण्यात कॅमेऱ्यावर दुसरं कुणी असंल ना?"

मी म्हटलं, असेल. आणि मोबाइल पोरीला दिला.

सरांनी प्राचार्यांना सांगितलं की इंटरनेटची अडचण होती. भला माणूस. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. कुठलंही लाइव्ह असो, एक साधा, स्वस्तातला मोबाइल शेजारी ठेवते आणि लोकांना दिसतं ते त्यावर बघते. आपल्यासमोर लख्ख दिसतं ते फक्त आपल्याला दिसतं. पलीकडं काय पोचलं, ते पलीकडच्यालाच विचारावं लागतं. हा नियम मी घरी जेवताना सांगितला, तेव्हा आमचे हे म्हणाले की हे व्हिडिओपुरतं नाही, तुझ्या बोलण्यालाही लागू आहे. मी तो तांत्रिक बाबींपुरताच ठेवलाय.