ओइवाच्या खुर्चीत तीन दिवस

ताइमी कुओस्मानेनला कुणी विचारलं, "तू कॉम्प्युटर शिकलीस कुठे?" की ती म्हणायची, "भांडून." त्यात खोटं काही नव्हतं. इसाल्मी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं बटाटे सोलणारी बाई. तिला कोण शिकवणार? जुन्या मोपेडी दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवरचा फोरम चालवणारा माणूस कंटाळून निघून गेला, तेव्हा "बंद करून टाकू" म्हणणाऱ्या एकेकाशी ती भांडली आणि कारभार स्वतःकडे घेतला. त्याला पंधरा वर्षं झाली. पगार शून्य, कटकट भरपूर.

फोरमवर इंजिनाची, चाकांची वेगवेगळी पानं होती, पण गर्दी असायची ती 'कॉफीचं टेबल' या पानावर. सकाळी उठायचं, खिडकीबाहेरच्या थर्मामीटरचा आकडा लिहायचा आणि एकमेकांची उणीदुणी काढायला बसायचं. या टेबलाचा राजा होता ओइवा हेइस्कानेन. चौऱ्याहत्तर वर्षांचा, कुह्मोच्या पलीकडे जंगलात एकटा राहणारा. कुणी इंजिनाचा फोटो टाकला की हा लिहायचा, "हे इंजिन आहे की आजीची कढई?" आणि लगेच खाली दुरुस्तीची अशी कृती द्यायचा की आंधळ्यालाही जमावी. ताइमीला तो 'सरकार' म्हणायचा, ती त्याला 'खडूस'. बारा वर्षांत दोघं एकदाही भेटले नव्हते, फोनवरसुद्धा बोलले नव्हते.

तिथली एक रीत होती. प्रत्येकाच्या नावाखाली त्याची पहिली मोपेड लिहिलेली असायची, सालासकट. आडनावापेक्षा तिचा मान मोठा. ओइवाच्या नावाखाली होतं: सोलिफेर, १९६४.

मार्चमधल्या एका सोमवारी ओइवाने लिहिलं, "शुभ प्रभात, प्रिय मित्रांनो! आज किती सुंदर ऊन आहे."

टेबलावर हशा पिकला. "खडूस प्रेमात पडला की काय?" "डॉक्टरने गोळी बदललेली दिसतेय." ताइमीनेही पसंतीचा अंगठा दिला आणि वर लिहिलं, "असाच राहा रे बाबा." मंगळवारीही तोच गोडवा. बुधवारी ओइवाने खेळ मांडला: आईचं माहेरचं आडनाव आणि पहिल्या कुत्र्याचं नाव लिहा, गंमत येईल!

ताइमी शाळेतून घरी आली तोवर एकोणीस जणांनी गंमत करून टाकली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्ड विसरलेल्या माणसाला जे प्रश्न विचारतात, तेच हे प्रश्न. तिने ओइवाचं खातं बंद केलं, तो खेळ उत्तरांसकट पुसून टाकला आणि सगळ्यांना दम भरला: आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदला, इथलाही आणि दुसरीकडचेही.

मग ती चोर कुठून शिरला ते शोधायला बसली. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यांच्या फोरमवर पासवर्ड विसरलेल्याला एकच प्रश्न यायचा: तुमची पहिली मोपेड कोणती? हा प्रश्न तिनेच ठेवला होता, पंधरा वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेने. दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच टांगली होती बाईने. तिने तो प्रश्न तिथल्या तिथे काढून टाकला. कुणाला काही बोलली मात्र नाही.

गुरुवारी ताइमीचा फोन वाजला; नंबर तिने फोरमवरच दिलेला होता.

"सरकार, मला बाहेर का काढलंस?"

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? ओइवा! डोळ्याचं ऑपरेशन होतं, काजानीला बहिणीकडे पडून होतो. आलो तर दार बंद."

"ओइवा आहे असं कुणीही म्हणेल. तुझा आवाज मी कुठे ऐकलाय?"

"खातं उघड, ताइमी."

"चोरीला गेलेलं खातं माणूस समोर बघितल्याशिवाय उघडायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

"मग मोड की!"

"माझा आहे म्हणूनच मोडत नाही."

"तीन दिवस तो माझ्या खुर्चीत बसला," ओइवा म्हणाला. "वाचलं मी सगळं. प्रिय मित्रांनो म्हणे! एकालाही शंका आली नाही. तू तर अंगठा दिलास. राहू दे. नको मला तुमचं टेबल."

फोन कट.

शनिवारी सकाळी ताइमीने फोरमच्या नोंदीतून ओइवाचा पत्ता घेतला आणि गाडी काढली. एकशेनव्वद किलोमीटर, दोन्ही बाजूंना बर्फ. वाटेत ती एकच वाक्य घोकत होती: चूक माझी होती. हे वाक्य तिने नवऱ्याला सोडतानाही उच्चारलं नव्हतं.

दार उघडणारा माणूस तिच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. एक डोळा लालभडक.

"ओळखपत्र," ताइमी म्हणाली.

"माझ्याच दारात?"

"हो."

पुटपुटत तो आत गेला आणि गाडी चालवण्याचा परवाना घेऊन आला. तिने फोटो पाहिला, चेहरा पाहिला, परवाना परत दिला. मग त्याने न विचारता कॉफी ओतली.

"तो मोपेडचा प्रश्न मी ठेवला होता," ती कपात बघत म्हणाली. "चोर तिथूनच आला. चूक माझी होती."

"उत्तर सगळ्यांच्या नावाखाली लिहिलेलं असताना?"

"हो."

"पंधरा वर्षं?"

"हो म्हटलं ना! किती वेळा वदवून घेशील?"

ओइवा हसला नाही. "ते नाही गं लागलं मला. अंगठा लागला."

"मला वाटलं, म्हातारा एकदाचा सुखात दिसतोय. बरं वाटलं म्हणून दिला."

"सुखात असलो तर मी असं लिहीन?"

"मला काय माहीत, ओइवा? मी तुझे टोमणे ओळखते. तुला कुठे ओळखते?"

ओइवाने कप खाली ठेवला. मग उठून त्याने लॅपटॉप आणला आणि तिच्यापुढे सरकवला. "उघड."

तिने फोनवरून खातं मोकळं केलं आणि लॅपटॉप परत त्याच्याकडे ढकलला. "नवा पासवर्ड तू घाल."

"काय ठेवू? मी म्हणतो..."

"गप्प! मला सांगू नकोस."

"तू सरकार ना!"

"सरकारला तर मुळीच नाही." तिने कोट चढवला आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. खिडकीतून लॅपटॉपचा स्क्रीन दिसत होता, म्हणून तिने घराकडे पाठ केली. समोर गोठलेलं तळं. आतून टक, टक ऐकू येत होतं. एका बोटाने, एका डोळ्याने चाललं होतं.

खिडकी उघडली. "किती अक्षरं?"

"बारा तरी!"

"बारा? देवा रे!"

पुन्हा टक, टक. तिचे पाय बधिर झाले तेव्हा कुठे त्याने दार उघडलं.

"झालं. ये आत. आता बाकीच्यांना काय सांगणार आहेस?"

"तुला सांगितलं तेच. आजच लिहिते."

"मी वाचणार. आणि सगळ्यांदेखत शिव्या घालणार."

"घाल," ताइमी म्हणाली आणि उंबऱ्यावर बूट झटकून आत आली.