तुडीलला पाणी उतरलं नाही

मी डोंगरातल्या कापडे गावचा. आमच्याकडे पाऊस थांबला की नदी लगेच उतरते. यंदाच्या पुरात मी खाली खाडीकाठच्या तुडीलला, बहिणीकडे होतो.

"दादा, म्हस सोडू का रे? पाणी गोठ्याला लागलं."

"कशाला गो? पाऊस थांबलाय. उतरेल आता."

त्या दिवशी अमावास्या होती. चंद्र-सूर्य मिळून समुद्र ओढतात, उधाणाची भरती खाडीतून वर चढते आणि सावित्री नदीचं पाणी तुंबतं. पाऊस नसतानाही पाणी वाढत गेलं. गोठ्यापर्यंत पोचता येईना. म्हैस दाव्यालाच बुडाली.

"तुमच्या कापड्याला समुद्र नाय ना, दादा," एवढंच बहीण म्हणाली.

सकाळी तिने कोरा चहा दिला. मला काहीच वाटत नव्हतं. मी तो पिऊन टाकला.