आयानच्या दुधाची वेळ

कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये किस्से आपोआप साठतात. त्यात एखादं तान्हं बाळ आलं, की विचारूच नका! आमच्या लातूरच्या क्लासमध्ये ते आलं नसरीन मॅडममुळं. त्या बायोलॉजी शिकवायच्या, मी फिजिक्स. बाळंतपणाची रजा संपली आणि त्यांच्या सासूबाई, आम्हा सगळ्यांच्या खाला म्हणजे मावशी, छोट्या आयानला घेऊन दिवसातून दोनदा रिक्षानं यायला लागल्या.

*

पाजायला जागा मिळाली ती लॅबमध्ये, मानवी सांगाड्याशेजारी. शिपाई माधवमामांनी आधी सांगाड्याच्या तोंडावर टॉवेल टाकला.

"मामा, त्याला डोळेच नाहीत की!"

"नसू द्या मॅडम. मलाच कसंतरी वाटून राहिलं!"

*

ॲडमिशन वाढल्या, लॅबमध्येही बॅच बसली. मॅडम क्लासच्या मालकांकडं, सरांकडं गेल्या. "सर, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोनदा सुट्टी कायद्यातच आहे."

"ते कारखान्याला असतंय मॅडम. हितं ज्ञानदान चालतंय!"

"मग ज्ञानदानाला अंगठ्याची हजेरी कशाला, सर?"

सर हसले नाहीत. "दूध तोडा, न्हाईतर बॅच सोडा," म्हणाले. त्या दिवशी मॅडमनी डबा उघडला नाही.

*

खालांना हे कळलं. आयानला कडेवर घेऊन त्यांनी सरांना जिन्यातच गाठलं. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात, गावासमोर, मी ह्याच्या बापाला पाजलं. तुमच्या चार मजल्यांत एक खोली न्हाई?"

"बघतो," म्हणून सर जे सटकले, ते दोन दिवस मागच्या जिन्यानंच येत होते!

*

मॅडम ऑक्सिटोसिन, म्हणजे आईला पान्हा फोडणारं संप्रेरक, शिकवत होत्या. तेवढ्यात खाली आयाननं भोकाड पसरलं आणि मॅडमचा कुर्ता भिजला. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. पोरांनी माना वह्यांत घातल्या. पहिल्या बाकावरची देगलूरची मुलगी उठली, आपली ओढणी मॅडमच्या खांद्यावर टाकली.

"मॅडम, हा टॉपिक आम्हाला समजला. तुम्ही जा!"

*

सरांची मुलगी नांदेडला नोकरीला. बाळंतपणानंतर ती नुकतीच कामावर गेली होती. एका दुपारी तिचा फोन आला आणि केबिनमधून सरांचा आवाज चढला.

"लेकराला पाजायला तुझा साहेब सोडत न्हाई? माणूस हाय का कोण! फोन दे त्याला!"

सर लालबुंद होऊन बाहेर आले. समोर खाला, कडेवर रडणारा आयान, मागं नसरीन मॅडम. सर केबिनचं दार उघडून बाजूला झाले.

"बसा मॅडम. निवांत."

दार ओढून ते स्वतः बाहेर स्टुलावर बसले. तेवढ्यात हदगावहून एक पालक मुलीच्या ॲडमिशनसाठी आले.

"सर आत हायत का?"

"आत मीटिंग चालू हाय," सर म्हणाले. "बसा. मी बी थांबून राहिलो!"