अर्धवेळ इंजिनाचं ऑइल

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्या कधीच नव्हत्या, कागद असायचे. पांढरे, टीपकागदासारखे, तळहाताएवढे. प्रत्येकावर मधोमध इंजिन ऑइलचा एक थेंब टाकलेला असायचा आणि तो दिवसभर, कुणाचं लक्ष नसताना, हळूहळू पसरत राहायचा. मध्ये गडद ठिपका, भोवती फिकट कडं, त्याच्याभोवती आणखी फिकट. सकाळचं ऊन आलं की सगळे कागद आतून उजळल्यासारखे दिसायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचे चंद्र. माझ्याकडे एवढं निरखून कधी बघितलं नाही ह्यांनी."

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, गॅरेज बाजाराच्या मागच्या रस्त्याला होतं. लोक त्यांना थेंबकाका म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. दुसरे मेकॅनिक गाडीखालचा बोल्ट काढतात, काळं ऑइल भडाभडा घमेल्यात पडतं, धार बारीक झाली की बोल्ट परत लावतात आणि वरून नवं ओततात. बाबा धार संपल्यावर गाडीखालीच पोतं टाकून आडवे व्हायचे. धारेचे थेंब होतात, थेंब दूर दूर पडायला लागतात, मग एक थेंब बोल्टाच्या भोकाशी लोंबत राहतो, पडू की नको असा. तो पडेपर्यंत बाबा उठायचे नाहीत. "जुनं राहिलं की नव्यात मिसळतं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. बऱ्याचदा वाट बघता बघता त्यांचा डोळा लागायचा. गिऱ्हाईक यायचं, गाडीखाली दोन पाय दिसायचे, आणि ते समजून जायचं की गाडी अजून रिकामी होतेय.

गुडघ्यांनी दगा दिला आणि गॅरेज बंद करावं लागलं. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. म्हणजे त्या जागेवर झोपायची पद्धत काही मोडली नाही, असं सासूबाई म्हणतात.

बाबांच्या हाताखाली एकच गाडी उरली, माझी. मी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. सकाळी उपाशीपोटी वाट बघत बसलेली माणसं असतात, त्यांच्याकडे वेळेवर पोचावं लागतं. गाडी हायब्रिड आहे. हळू चालवली तर बॅटरीवर चालते, चढ आला किंवा वेग वाढला की इंजिन आपणहून सुरू होतं आणि काम झालं की गप्प बसतं. पहिल्यांदा बसले तेव्हा बाबा म्हणाले, "हे इंजिन आहे की जावई? मनात आलं तर काम करतं."

पण त्या जावयाचे लाड त्यांनी फार केले. हवा बदलली, बदल ऑइल. मी लांब जाऊन आले, बदल ऑइल. मी लांब गेलेच नाही, तरी बदल ऑइल. फाटकाच्या आतल्या सिमेंटच्या जागेत गाडी चढवायचे दोन लोखंडी रॅम्प कायमचे मांडलेले. मी म्हणायचे, "बाबा, धडधाकट माणसाचं रक्त कुणी सारखं काढतं का?" ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पोतं झटकायचे. मला काय ते कळत होतं. त्यांच्या हातांना दुसरं कामच नव्हतं. भाजी आणायला ते जायचे, पण भाजी काही उघडून बघता येत नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी सासूबाईंना गाडीखाली दोन पाय दिसले. हाक मारली, उत्तर नाही. त्यांनी जी किंकाळी फोडली तिने शेजारचे शिंपीकाका टेप गळ्यात घेऊन धावत आले. बाबा गाडीखालून म्हणाले, "ओरडतेस कशाला? अजून थेंब पडतोय." झोपले होते, एवढंच. पण उठायला गेले तर गुडघे हलेनात. शेवटी माझ्या नवऱ्याने आणि शिंपीकाकांनी त्यांना पोत्यासकट ओढून बाहेर काढलं. बाबा हसत होते. नवरा हसत नव्हता.

नवरा विम्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर दुसऱ्यांचे अपघात वाचून वाचून त्याला चमच्यातही अपघात दिसतो. त्या संध्याकाळी तो पांढराफटक पडला होता आणि घाबरला की तो रागावतो. "पुरे झालं," तो म्हणाला. "गाडीबरोबर पुस्तक आलंय, त्यात स्पष्ट लिहिलंय, वर्षातून एकदा. तेवढं सर्व्हिस सेंटरवाले करतील. यापुढे तुम्ही गाडीखाली जायचं नाही आणि ऑइलला हात लावायचा नाही."

बाबांनी हो म्हटलं. अगदी पटकन म्हटलं. त्यानंतरच्या काही दिवसांत त्यांची नखं स्वच्छ झाली. इतकी वर्षं त्या नखांच्या कडेला एक काळी रेघ असायची, साबणाला दाद न देणारी. ती गेली. जेवायला बसले की ते हात ताटाशी नवखे वाटायचे. मला ते बघवेना.

मी काही फार शांत बाई नाही. एका सकाळी चहाचा कप त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवला आणि म्हटलं, "बाबा, गाडी माझी आहे. ऑइल कधी बदलायचं ते पुस्तक ठरवणार नाही, तुमचा मुलगाही ठरवणार नाही. तुम्ही ठरवा. पण सासरे म्हणून नको. माझी गाडी गॅरेजमध्ये आली आहे असं समजा."

माझा डाव सरळ होता. ते दर तीन महिन्यांनी म्हणतील आणि मग मी नवऱ्याशी भांडायला मोकळी. गुडघ्यांचं काहीतरी करता येईल, उंच रॅम्प आणता येतील, पण काम त्यांच्या हातात राहील.

बाबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "पूर्वी सोपं होतं. चाक फिरलं म्हणजे इंजिन फिरलं. आता काट्यावर दिसतात ते किलोमीटर गाडीचे. ऑइल इंजिनाचं. इंजिन किती चालतं ते कळल्याशिवाय मी काय सांगू? येतो मी तुझ्याबरोबर."

आणि ते यायला लागले.

त्या सकाळी मला अजून आठवतात आणि आठवताना डोळे आपोआप अर्धे मिटतात. रस्ते नुकते धुतल्यासारखे, दुकानांची शटर्स खाली. बाबा माझ्या शेजारी, सीट थोडी मागे केलेली, तळवा समोरच्या डॅशबोर्डवर पालथा टेकवलेला, जसा आपण तापलेल्या मुलाच्या छातीवर ठेवतो. डोळे मिटलेले. गाडी आवाज न करता गल्लीतून सरकत होती. दोन्ही बाजूंची घरं, वाळत घातलेले कपडे, दारातले दुधाचे कॅन मागे जात होते आणि आपण जागच्या जागी बसलोय असं वाटत होतं. मी वर जाऊन कुणाच्या दंडाला पट्टी बांधून, सुई टोचून, नळी भरून खाली यायचे. बाबा तसेच बसलेले असायचे, जागे की झोपलेले ते कळायचं नाही.

"झोपलात का?"

"नाही गं. तेही झोपलंय, मीही पडलोय."

तेही म्हणजे इंजिन. पुलाचा चढ आला की ते जागं व्हायचं, पायाखाली बारीक थरथर यायची, आणि त्याच क्षणी बाबांचे डोळे उघडायचे. "आला गडी," म्हणायचे. चढ संपला की इंजिन बंद, बाबांचे डोळे बंद. असं किती वेळा झालं याची मोजदाद त्यांनी कशी ठेवली कुणास ठाऊक, पण ठेवली.

एकदा रिकाम्या रस्त्यावरून जाताना ते मिटल्या डोळ्यांनी बोलायला लागले. "आयुष्यभर गाडीत बसलो ते खडखड ऐकायला. कुठून येते, कशाने येते. ही काहीच बोलत नाही. म्हणून मग दुसरंच ऐकू येतं."

"काय?"

"गॅरेज. सकाळी शटर वर ढकलल्याचा आवाज. पान्हा फरशीवर पडल्याचा." आम्ही एक वळण घेतलं. "तुझ्या नवऱ्याचाही येतो. लहानपणचा. घमेल्यात थेंब पडला की आकडा म्हणायचा. पुढचे आकडे येत नव्हते, मग परत एकपासून."

नवऱ्याने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. बहुतेक तो विसरला होता.

पुरेसं फिरून झाल्यावर बाबांनी एका संध्याकाळी बॉनेट उघडलं. ऑइल बघायची पट्टी ओढली, कागदावर एक थेंब सोडला आणि कागद खिडकीत ठेवला. कितीतरी दिवसांनी त्या खिडकीत चंद्र उगवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे स्वयंपाकघरात होतो. नवरा दाराशी हाताची घडी घालून उभा, सासूबाई ओट्याशी, मी बाबांच्या खांद्यावरून वाकलेली. बाबांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ.

शेजारी ऑइल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढून आणलेलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला पांढरट साय जमली होती. ती बघून माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. सुटलो! हे दाखवून कुठलाही मेकॅनिक म्हणाला असता, ऑइलचं दूध झालं, दोन-तीन महिन्यांनी बदला. माझ्या नवऱ्याला त्यावर बोलायला तोंड राहिलं नसतं.

बाबांनी ती साय बोटाने पुसली, बोट हुंगलं.

"हा ऑइलचा दोष नाही," ते म्हणाले. "तू चार गल्ल्या जातेस. ते जागं होतं न होतं तोवर परत झोपतं. नीट तापतच नाही, म्हणून आत वाफ धरते. आठवड्यातून एकदा लांब ने, चांगलं तापू दे, निघून जाईल." मग कागदाकडे बोट केलं. "डाग फिकट आहे, कड स्वच्छ आहे. पेट्रोलचा वास नाही. ऑइल चांगलं आहे. वर्षातून एकदा बदललं की पुरे."

मग नवरा हळूच म्हणाला, "पुस्तकातही तेच आहे, बाबा."

"मग पुस्तकाला कळतं म्हणायचं," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुवायला गेले.

आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं यालाच म्हणतात. मला इतका राग आला की मी कप आपटत आपटत विसळले. मग राहवेना, म्हणून बाबा मागच्या पायरीवर बसले होते तिथे गेले. "तुम्ही तीन महिने म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी आश्चर्याने बघितलं. "चांगलं ऑइल फेकून द्यायचं? पोरी, गाडी गॅरेजमध्ये आली आहे असं तूच म्हणालीस ना."

मी तिथेच त्यांच्याशेजारी बसून रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. हाताला साबणाचा वास येत होता.

दर रविवारी लांब जायचं मात्र ठरून गेलं, इंजिनाचं औषध म्हणून. नवरा गाडी चालवायचा, बाबा पुढे, आम्ही दोघी मागे. शहर संपलं की दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्ये सरळ रस्ता, ऊन मांडीवर येऊन पडलेलं. सासूबाई घोरायच्या. इंजिन सुरू झालं की बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "आला गडी." सुरुवातीला नवरा गप्प असायचा. मग एके रविवारी चढ लागला, पायाखाली थरथर आली, आणि बाबांच्या आधी तोच म्हणाला, "आला गडी." बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा मला आरशात दिसला.

झाकणाखालची साय गेली. वर्ष फिरून आलं.

त्या दिवशी सकाळी मी फाटकात आले तर गाडी रॅम्पवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. बाबा स्टुलावर बसले होते. आणि माझा नवरा जुना शर्ट घालून पोतं झटकत होता.

"सर्व्हिस सेंटर?" मी विचारलं.

"वर्षातून एकदाच तर आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खाली मी जातो. बाबा सांगतील."

"म्हणजे हे उंटावरून शेळ्या हाकणार," सासूबाई दारातून म्हणाल्या आणि आत जायचं सोडून तिथेच उभ्या राहिल्या.

शेळीही काही कमी नव्हती. पान्हा उलटा फिरवून झाला. मग सुलटा इतका फिरवला की बोल्ट घमेल्यात पडला आणि काळं ऑइल कोपरापर्यंत आलं. बाबा स्टुलावर पुढे वाकून ओरडत होते, "हात मागे घे! फडकं! अरे, उजव्या हाताला फडकं!" इतक्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इतके खूषही कधी बघितले नव्हते.

धार बारीक झाली.

"आता?" गाडीखालून आवाज आला.

"आता काही नाही. पडून राहा."

सगळं शांत झालं. घमेल्यात टप् आवाज व्हायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप्. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत रॅम्पपर्यंत आलं. मी चहा करून आणला आणि हाक मारली. उत्तर नाही. वाकून बघितलं. विम्याच्या ऑफिसातला तो साहेब पोत्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. दोन्ही हात काळे, एक बोट घमेल्याच्या कडेवर.

मी त्याचा पाय हलवायला हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते अगदी हळू म्हणाले. "अजून थेंब पडतोय."