चंद्राची वात

त्या वर्षी अमरावतीत कापूस सोडून दुसरं बोलणंच नव्हतं. सातासमुद्रापार कुठे लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. सासरे तर पिसाळल्यासारखे झाले. घरातल्या गाद्या उसवल्या, उशा उसवल्या, सगळा कापूस पेठेत गेला. आम्ही घोंगड्यांवर निजू लागलो. मला हसू यायचं, पण हसणार कोणापुढे?

दिवाळी आली आणि वातीला कापूस नाही! वऱ्हाडात राहून ही गत. धोतराच्या चिंध्या वळून पणत्या लावल्या. चिंधीची वात काजळी धरते, वासही मारते. लक्ष्मीपूजनाला सासरे म्हणाले, "लक्ष्मीले उजेडाशी काम. वात कायची हाये, थे थोडीच पायते?" लक्ष्मी नसेल पाहत, मी पाहत होते आणि चरफडत होते.

भाऊबीजेला मात्र चिंधी चालत नाही. जुनेराच्या वातीने जित्या माणसाला ओवाळू नये, असं आईने शिकवलेलं. माझं माहेर अकोल्याकडचं. भाऊ दरवर्षी यायचा, येताना आमच्या वावरातला, पहिल्या वेच्याचा मूठभर कापूस आणायचा. तो समोर बसून बडबडायचा, मी सरकी काढून वात वळायचे आणि त्याच वातीने त्याला ओवाळायचे. या खेपेला तो कापसाची गाडी घेऊनच पेठेत येणार होता.

पाडव्याला पाण्याला गेले, तर विहिरीवर कुजबुज. अकोल्याहून येणाऱ्या, मूर्तिजापूरच्या वाटेवर कापसाच्या गाड्या पेटल्या, कोणाच्या तरी चिलमीची ठिणगी उडाली. कोणाच्या गाड्या? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अर्धीच घागर घेऊन घरी आले.

भाऊबीजेचा दिवस काही केल्या सरेना. चुलीपाशी बसले की अंगणात जावंसं वाटे, अंगणात गेले की चूल आठवे. अनारसे तुपात हसले, पार विरून गेले, आणि मला रडू फुटायचं तेवढं राहिलं. धुणं वाळलं होतं ते मी पुन्हा झटकलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांना भाऊ नव्हता. भाऊ नसलेली बाई बीजेच्या चंद्राला ओवाळते, तशा त्या दरवर्षी चंद्राला ओवाळायच्या. गाद्या उसवताना त्यांनी सासऱ्यांची नजर चुकवून चिमूटभर कापूस पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. त्याची एकच वात झाली होती.

दिवस मावळला. अकोल्याची वाट मावळतीलाच जाते, आणि बीजेची कोरही तिकडेच दिसते. वाटेकडे बघावं तर चंद्र दिसे. मला त्याचा राग आला.

"बुडून राहिला थो," सासूबाई म्हणाल्या. "चाल, दोघीजणी ओवाळून घेऊ."

"मी नाई ओवाळत. मले भाऊ हाये."

"कोन नाई म्हन्ते? पन आला नाई तं बीज रिकामी जाईन."

"तुमी ओवाळा, आत्याबाई. मी नाई."

मी चंद्राला ओवाळलं असतं, तर भाऊ गेला हे माझ्याच हाताने ठरलं असतं. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी ताट तुळशीपाशी ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन वाटेकडे बघत उभ्या राहिल्या. चंद्र झाडांआड गेला, मग दिसेनासा झाला.

थोड्याच वेळात घुंगरं वाजली. दोन बैल आले, मागे गाडी नाही. बैलांमागून पायी चालत माझा भाऊ आला. भुवया जळालेल्या, सदरा काळा.

"कुठी मेला होता रे?" सणासुदीला माझ्या तोंडातून नेमकं तेच निघालं.

"थेच तेवढं राह्यलं, बाई," तो हसून म्हणाला. "बैल सोडले अन् पळालो. गाडी गेली. मायनं देल्ला कापूसही तिच्यासंगंच गेला."

सासूबाईंनी तुळशीपाशचं ताट उचललं आणि त्यातली वात माझ्या हातात ठेवली. भावाला पाटावर बसवून मी ओवाळलं. घाईघाईत कुंकू त्याच्या नाकावर आलं. एवढीशी वात, ओवाळून होईस्तोवर जळून गेली.

मग माझ्या ध्यानात आलं. वात चंद्राची होती, आणि चंद्र तर बुडालेला.

भावाच्या पागोट्याच्या घड्यांत कापसाचे तंतू अडकले होते. मी ते वेचू लागले.

"काय करून राहिली वं?"

"गुमान बस."

वात वळून निरांजनात ठेवली, तेल घातलं, पेटवली. "आत्याबाई, या."

"मी? अवं, थो माह्या लेकाएवढा!"

भाऊ पाटावरून उठला नाही. "मावशी, चंद्र तं गेला," तो म्हणाला. "मी हाओ ना."

सासूबाईंनी ताट घेतलं. सवयीने त्यांची मान आधी वर, आभाळाकडे गेली. मग खाली माझ्या भावाच्या तोंडाकडे आली.