टोपलीतून वर गेलेली पोर

आत्याचे चरित्र लिहायचे, तर भाचीला आधी एका भयाला सामोरे जाणे भाग होते. आईबापाविना उरलेले लेकरू या माउलीने उराशी धरले, न्हाऊ घातले, शिकवले, शहाणे केले. पण तिने लग्न केले नाही, ते माझ्यापायी तर नव्हे? तिचा संसार मी तर गिळला नाही? तोंडावर विचारायला जीभ रेटेना. म्हणून भाची गेली रुग्णालयाच्या धुलाईघरात, जिथे आत्याने उभा जन्म चादरींना इस्त्री केली.

वाफेने भिंती ओलावलेल्या. इस्त्रीयंत्राच्या तापल्या रुळांमधून चादर कढत, करकरीत बाहेर येत होती. घड्या घालणारी आत्याची जुनी जोडीदारीण हिला पाहताच हसत सुटली.

“अगं, तूच ना ते पार्सल!”

“कसलं पार्सल?”

“आत्या तुला गरम चादरींच्या टोपलीत निजवायची. एकदा गप्पांच्या नादात आम्ही तुझ्यावरच घड्या रचल्या की! टोपली गेली लिफ्टने वर. नर्सबाई चादर उचलते, तर खाली तू, घोरतेयस!”

“आणि आत्या?”

“जिन्याने धावली, अनवाणी. साहेब कडाडले, उद्यापासून पोर आणायची नाही. ही म्हणाली, मग मीही येत नाही. अगं, तुझे मामा-मामी तुला न्यायला आले होते. भली माणसं. तरी हिने दिलं नाही तुला.”

भाची तडक घरी आली. आत्या वाटाणे सोलत होती.

“आत्या, मामाला का परत पाठवलंस? तू मोकळी झाली असतीस गं!”

“मोकळी होऊन करू काय? मला तू हवी होतीस.”

“आणि लग्न?”

“आलं होतं एक स्थळ. बोलायला लागला की थांबेचना! नको म्हटलं. त्यात तुझा काय संबंध? पुस्तकात त्याग-बिग लिहिलंस तर कान उपटीन.”

भाचीचे डोळे पाझरू लागले. देवा, किती दिलेस! उपकार म्हणून भीत भीत जपले, ते निखळ प्रेम होते. दयेने नव्हे, हौसेने मांडीवर घेतले होते. तिने तिथेच कागद ओढला, लिहिले आणि वाचून दाखवले: “माझ्या आत्याला मी हवी होते.”

आत्याने नाक ओढले.

“हं. बरं आहे. आता त्या साहेबाचं लिही. टकलू होता, तेही घाल.”