बाबांचा करदोडा

बाबांना पोटाच्या सीटी स्कॅनसाठी अहेरीहून चंद्रपूरला नेलं. कमरेच्या करदोड्यात चांदीचा ताईत होता. मशीनवाला म्हणाला, "धातूनं फोटो खराब होते, काढा." गाठ सुटेना. आई म्हणाली, "जित्या माणसाचा करदोडा तोडत नाई." मागे रांग होती. मी नर्सची कात्री घेतली आणि तोडला.

मशीन नवं होतं. एका श्वासात सगळं पोट दिसलं, यकृतावरचे डागही. पूर्वी किती वेळ लागायचा, हे मशीनवाला कौतुकानं सांगत बसला. त्या वेगाचं मी काय करू?

आईनं नवा दोरा आणला. बाबा म्हणाले, "राहू दे आता."

दिवाळीआधी ते गेले. शेवटची आंघोळ घालताना काकांनी करदोडा तोडायला कात्री मागितली.

"तो चंद्रपूरलेच तोडला," आई म्हणाली.